आमचे येथे वन्समोअर मिळेल

नाटकाला मी गेलो नाही, मला नेण्यात आलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण समीक्षक हा स्वतःच्या पायांनी आणि दुसऱ्याच्या पासावर नाटकाला जाणारा प्राणी आहे, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. माझ्या बाबतीत तिकीट ताईनं पदरच्या पैशांनी काढलं होतं, आणि पाय माझे असले तरी ते तिच्या मागून चालत होते.

त्याचं असं आहे, ताई सांगलीला असते. आई तिच्याकडे असते. मी मुंबईला असतो आणि महिन्यातून एकदा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येऊन आईला 'बघून' जातो. 'बघून' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. मुलगी बघायला आलेली मंडळी कशी बसतात, पोहे खातात, दोन प्रश्न विचारतात आणि 'कळवतो' म्हणून उठतात? तसाच मी. दीड दिवस बसतो, पोहे खातो, ताईला चार सूचना करतो आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परत फिरतो.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या पाच वर्षांत ती शिस्तीत विसरत गेली. आधी दुधाचा हिशेब विसरली, मग दूधवाला विसरला गेला, मग सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली हेच राहिलं नाही. मला ती तिचा थोरला भाऊ समजते. आमचे अण्णामामा पंढरपूरचे. त्यांना जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. मी घरातलं शेंडेफळ. जन्मभर कुणी मला वडीलधारा म्हणून विचारलं नाही आणि साठीला टेकल्यावर ही अशी एकदम वरच्या श्रेणीत बढती! सुरुवातीला मी चूक दुरुस्त करायला जात असे. 'आई, मी अण्णा नाही गं, अण्णामामा वारले,' असं सांगत असे. ती ऐकायची आणि हमसून हमसून रडायची. अर्ध्या तासानं विसरायची आणि पुन्हा मला अण्णा म्हणायची. मी पुन्हा दुरुस्ती करायचा. ती पुन्हा पहिल्यासारखी रडायची. शेवटी ताईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हणाली, "हे तुझं खरं बोलणं आहे ना, ते येताना मुंबईला ठेवून येत जा."

तेव्हापासून मी अण्णा. ताईला मात्र आईनं कुठलंच नातं दिलेलं नाही. ताई म्हणजे 'त्या बाई'. मागच्या खेपेस आईनं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "अण्णा, त्या बाई फार मायाळू आहेत हो. पगार किती घेतात?"

ताई तिथंच डाळ निवडत बसली होती. म्हणाली, "सांग की, अजून ठरलेला नाही."

तर या खेपेला मी अर्धा किलो बदाम आणि शब्दकोड्यांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन गेलो होतो. बदाम रात्री भिजवून सकाळी द्यायचे आणि रोज एक कोडं सोडवून घ्यायचं, असा माझा बेत होता. म्हणजे बेत माझा, भिजवणार ताई आणि सोडवून घेणारही ताईच. तिनं काही न बोलता दोन्ही वस्तू फडताळात ठेवल्या. फडताळात माझे मागल्या महिन्याचे अक्रोड होते.

"संध्याकाळी नाटकाला जायचंय," ती म्हणाली. "शेजारच्या काकू आईपाशी बसणार आहेत."

"कुठलं नाटक?"

"संगीत आहे. नवीन. आईला काही आठवत नाही आणि मुलगी तिचं सगळं करते, असं."

मी थक्क झालो. "अगं, चोवीस तास हेच चाललंय घरात. पुन्हा पैसे मोजून तेच बघायला जायचं?"

"बघू तरी," ताई म्हणाली, "ती कसं करते."

आता सांगलीत राहून नाटकाला नाही म्हणणं कठीण. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात. देवल इथल्या हरिपूरचे. इथला रिक्षावालासुद्धा भाडं सांगताना योग्य जागी विराम घेतो. तेव्हा गेलो.

नाटकाचं नाव मी देत नाही. एक तर मंडळी हौशी होती. दिवसा नोकऱ्या करून रात्री तालमी करणारी. त्यांच्यावर मी लेखणी उगारणं म्हणजे मुंगीवर सोटा. दुसरं म्हणजे ते नाव मी विसरलो आहे. या विषयावरच्या नाटकाला याहून मनापासून दाद कशी द्यायची ते मला माहीत नाही.

तिसरी घंटा झाली, नांदी झाली, पडदा वर गेला. दिवाणखाना. सोफा, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, कोपऱ्यात झाकलेली पायपेटी. आई एके काळची गायिका. संगीत नाटकातली आई एके काळी जिल्हा परिषदेत कारकून होती, असं कधी होत नाही. मुलीनं बँकेतली नोकरी सोडलेली. लग्न केलेलं नाही किंवा राहून गेलेलं. सकाळची वेळ. मुलगी उठते आणि भैरवीत एक पद म्हणते. सकाळी भैरवी म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनं चोख काम. पण जन्मभर मैफिलीच्या शेवटी भैरवी ऐकल्यामुळे ती कानावर पडली की आमची पिढी चपला शोधू लागते. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर खरोखरच पिशवी उचलली होती.

मुलीचं काम करणाऱ्या बाईंचा आवाज मात्र छान होता. मोकळा, खालच्या पट्टीत भरदार. त्यांनी पद रंगवलं. रंगवलं म्हणजे काय, पुढं येऊन, डोळे मिटून, उजवा हात हवेत धरून त्यांनी असा काही तार षड्ज लावला की माझ्या तोंडून 'वा' निघणार होतं. ते निघण्यापूर्वीच शेजारून ताई मोठ्यांदा म्हणाली, "अगं, मागं बघ!"

दोन रांगा वळून आमच्याकडे बघू लागल्या. ताईला त्याचं भान नव्हतं. तिचं लक्ष रंगमंचावरच्या आईकडं होतं. मुलगी तानेत असताना आई उठून दाराकडे निघाली होती. नाटकात तसं काही असेल असं वाटत नाही. त्या बाईंना कुठं उभं राहायचं ते आठवत नसावं. पण ताईचे हात खुर्चीवर घट्ट आवळलेले होते. आमच्याकडे एकदा आई अशीच दारातून बाहेर पडून गणपतीच्या देवळापर्यंत गेली होती. ताई तेव्हा फक्त दूध उतू जातंय का ते बघायला वळली होती.

संगीत नाटकावरचा पहिला मूलभूत आक्षेप मला तिथं सापडला, आणि तो मी नव्हे, ताईनं घेतला. पदासाठी काळ थांबतो. राक्षस समोर उभा असला तरी नायिका अंतरा पुरा करते आणि राक्षसही रसिकतेनं वाट बघतो. प्रेमाला, विरहाला हे चालतं, कारण त्यांना दुसरं काम नसतं. पण विसराळू आईचं करणाऱ्या मुलीला डोळे मिटायला वेळ कुठून आणायचा? तिचं गाणं हातातलं काम चालू ठेवूनच यायला हवं. आपल्या बायका जात्यावर ओव्या म्हणत, तेव्हा दळण थांबवून म्हणत नसत. हे रंगभूमीवर होत नाही असंही नाही. प्राजक्त देशमुखांचं 'संगीत देवबाभळी' २०१७ साली व्यावसायिक रंगभूमीवर आलं. त्यात दोनच बायका. तुकोबांच्या आवलीच्या पायात काटा रुतलेला आणि तिचं करायला खुद्द रखुमाई लखूबाई होऊन आलेली. तिथं शुश्रूषा आणि गाणं ही एकाच घरात नांदतात. आमच्या नाटकात गाणं सुरू झालं की शुश्रूषेला सुट्टी. ताईला अशी सुट्टी पाच वर्षांत मिळालेली नाही, म्हणून ती ओरडली.

आईचं काम करणाऱ्या बाईंविषयी लिहिताना मात्र माझी पंचाईत झाली आहे. त्यांना पाठांतर नव्हतं, असं म्हणावं तर भूमिका विसराळू बाईची. विंगेतला प्रॉम्प्टर बिचारा जीव तोडून वाक्यं पुरवत होता. तिसऱ्या रांगेपर्यंत ती आम्हांला स्वच्छ ऐकू येत होती. पण बाई शांतपणे आपल्याच नादात वेगळं काहीतरी बोलत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "काय अभ्यास केलाय बघा भूमिकेचा!" एकदा प्रॉम्प्टरचं वाक्य ऐकून त्यांनी विंगेकडं पाहून विचारलं, "कोण बोलतंय गं तिकडं?" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पाठांतर नसल्याबद्दल एवढ्या टाळ्या घेतलेल्या पाहून माझं शाळेतलं सगळं बालपण वाया गेलं असं मला वाटलं.

मग डॉक्टर आले. डॉक्टरांनाही पद होतं. १९०६ साली जर्मनीत आलॉइस आल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं, ही माहिती त्यांनी झपतालात दिली. मेंदूतल्या पेशी कशा झडत जातात ते अंतऱ्यात आलं. औषधानं थोडा काळ फरक पडतो पण मूळ आजार जात नाही, हे सांगत ते समेवर आले. आमचे डॉक्टर गात नाहीत. त्यांनी आईला कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. ही या आजारातली नेहमीची परीक्षा. आईनं छान गोल काढला आणि बाराही आकडे एका बाजूला दाटीवाटीनं बसवले. उरलेलं अर्धं घड्याळ मोकळंच. ताईनं तो कागद जपून ठेवला आहे. मला दाखवताना म्हणाली होती, "बघ, एका बाजूला किती गर्दी आणि एका बाजूला कुणीच नाही. आपल्या घरासारखं." मी तेव्हा विषय बदलून अक्रोडांकडे वळलो होतो.

आता इथवर वाचून, 'एवढंच होतं तर हे कशाला लिहायला बसलात?' असं कुणी विचारील. त्याचं कारण पुढं आहे.

पहिल्या अंकाच्या शेवटी संध्याकाळ होते. या आजाराच्या माणसांना संध्याकाळ फार जड जाते. दिवेलागणीला जिवाची घालमेल सुरू होते आणि स्वतःच्या घरात बसून ती 'मला घरी जायचंय' म्हणू लागतात. नाटकातली आई खिडकीशी उभी राहते आणि विचारते, "मला घरी सोडता का हो?" मुलगी भाजी चिरता चिरता म्हणते, "सोडते हं, चहा घेऊन निघू." हे ती गात नाही, पण अगदी बोलतही नाही. पायपेटीवाल्यानं नुसता एक सूर धरून ठेवलेला. थोड्या वेळानं आई पुन्हा विचारते. मुलगी पुन्हा तेच सांगते. पण या वेळी शब्द सुराच्या जरा जवळ आलेले असतात. तिसऱ्यांदा त्यात समजूत असते. चौथ्यांदा राग. 'चहा' या शब्दावर असा एक खटका की चिरणाऱ्या हाताला सुरी लागली की काय असं वाटावं. आणि पाचव्यांदा, तेच पाच शब्द, अंगाई. विळीवर हात तसाच चालू. डोळे उघडे. नजर आईवर.

चाल बांधणारानं इथं काय केलं ते त्याला स्वतःला तरी कळलं होतं की नाही कोण जाणे. एकही शब्द बदललेला नव्हता.

सभागृह गप्प होतं. आणि इतक्यात मागच्या बाजूनं, जन्मभर संगीत नाटकं बघण्यात घालवलेल्या कुणा आजोबांनी सवयीनं आरोळी दिली, "वन्समोअर!"

काही लोक हसले. मुलीचं काम करणाऱ्या बाई थबकल्या. काय करावं ते त्यांना कळेना. तेव्हा, जिला पाठांतर नाही म्हणून मी वर एवढा दोष दिला आहे, त्या आईनं सावकाश मान वळवली आणि विचारलं, "मला घरी सोडता का हो?"

मुलगी सहाव्यांदा म्हणाली, "सोडते हं, चहा घेऊन निघू."

या वेळी कुणी हसलं नाही. पडदा पडला. ताई अंधारात म्हणाली, "सहाच? आमच्याकडे काल एकवीस झाले."

मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत मला जे ऐकू येत होतं ते नाटकाबद्दल नव्हतं. 'आमच्या सासूबाई तर...', 'आमचे वडील रोज कचेरीत निघायचे...', 'काका मला मास्तर म्हणतात...' २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत, साठीपुढच्या दर शंभर माणसांत सातांहून थोडी जास्त माणसं स्मृतिभ्रंशाची निघाली. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख. एवढे प्रेक्षक संगीत नाटकाला मिळाले असते तर कंपन्या बुडाल्या नसत्या, असा एक विनोद मला सुचला होता. पण पुढच्या बाईंच्या हातातला वडा तसाच राहिलेला पाहून मी तो गिळला. वड्याबरोबर.

मला त्या आजोबांच्या आरोळीचं राहून राहून नवल वाटत होतं. बालगंधर्वांच्या नाटकांना रात्र पुरत नसे म्हणतात. एकेका पदाला वन्समोअरमागून वन्समोअर. तेच पद, तेच शब्द, आणि तरी जाणकार उठून जात नसत. कारण पुन्हा म्हटलेलं पद ते तसंच्या तसं म्हणत नसत. गद्य नाटकात एकच वाक्य पाच वेळा आलं तर आपण प्रॉम्प्टरची चौकशी करू. पण गाण्यात पुन्हा येणं हा दोष नाही, तो तर गाण्याचा धंदाच आहे. मुखड्यावर परत यायचंच असतं. प्रत्येक खेपेला कुठून फिरून आलात यात गंमत. आईचं करणाऱ्या बाईचं सगळं आयुष्य मुखड्यावर परत येण्यात जातं. तेव्हा हा विषय दाखवायला संगीत नाटकाइतकं सोयीचं दुसरं काही नसेल. आणि ज्या मंडळींना हे एका प्रवेशात सापडलं होतं, त्यांनी पुढच्या अंकात ते सोडून द्यावं, याला काय म्हणावं?

दुसऱ्या अंकात मुलीचा भाऊ येतो. मुंबईहून.

या पात्राला नाटककारानं एकही पद दिलेलं नाही. सबंध नाटकात न गाणारा हा एकटाच. हातात पेढ्यांचा खोका. येतो, सोफ्यावर बसतो, पोहे खातो. मग म्हणतो, "आईला जरा गुंतवून ठेवत जा. शब्दकोडी वगैरे." प्रेक्षागृहात हशा. मग म्हणतो, "आणि बदाम देतेस ना? भिजवून?" यावर जो हशा झाला तो मी जन्मात विसरणार नाही, पुढंमागं बाकी सगळं विसरलो तरी हे राहील. माझ्या मागच्या रांगेतल्या बाई हसता हसता म्हणाल्या, "अगदी आमचे धाकटे भावजी!"

मी ताईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिनं पर्स उघडून उगाचच तिकिटं नीट घडी करून ठेवली. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

समीक्षक म्हणून या पात्राबद्दल एवढंच लिहितो की ते एकांगी रंगवलेलं आहे, त्याला मनाचा तळ दिलेला नाही, आणि वास्तवाशी त्याचं साम्य भयंकर आहे.

आणि मग शेवट. भाऊ निघून जातो. मुलगी थकून बसते. पायपेटीवरचं कापड काढते आणि आई एके काळी गात असे ते पद वाजवू लागते. आईचे ओठ हलतात. आई गाऊ लागते, पुढं येते, मुलीचा चेहरा हातांत घेते, आणि तिला नावानं हाक मारते! आठवण परत आली. मिठी, पिवळा प्रकाश, भरतवाक्य, पडदा. पुष्कळ लोक डोळे पुसत होते. खोटं कशाला सांगू, मीही पुसले.

पण डोळे पुसून झाल्यावर विचार आला. आपल्या संगीत रंगभूमीची सुरुवातच एका विसराळू माणसापासून झाली आहे. ३१ ऑक्टोबर १८८० या दिवशी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. त्या दिवशी पहिले चारच अंक झाले होते. म्हणजे दुर्वासाचा शाप पडला आणि पडदाही पडला. दुष्यंताचं विसरणं आणि आठवणं प्रेक्षकांना नंतर दिसलं. तिथं विसरण्याला शापाचं कारण आहे आणि शापाला अंगठीचा उतारा आहे. मासा सापडला, त्याच्या पोटात अंगठी सापडली, राजाला बायको आठवली. तेव्हापासून आपल्या नाटककारांना वाटत आलं आहे की प्रत्येक विसरणाऱ्यासाठी कुठंतरी एक मासा पोहत असणार. आमच्या या नाटकात गाणं हीच अंगठी.

यात अर्धं खरं आहे म्हणून ते जास्त फसवं आहे. गाण्याची आठवण मेंदूत इतर आठवणींच्या मानानं पुष्कळ उशिरापर्यंत टिकते, असं अभ्यासकांना आढळलेलं आहे. गाण्यानं अशी माणसं शांत होतात, खुलतात. पण गाणं स्वतःबरोबर मुलीचं नाव घेऊन येईल, असा करार गाण्यानं कुणाशी केलेला नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३ सालच्या चित्रपटात असाच एक बाप आहे. संस्कृतचा गाढा पंडित, मोहन आगाशे यांनी केलेला. त्याला श्लोक आठवतात. जग आठवत नाही. तो एका हत्तीच्या मागून निघून जातो आणि मुलगी त्याला शोधत राहते. तिथं अंगठी नाही, आणि नाही म्हणूनच ते पोचतं.

परत येताना रिक्षात मी हे सगळं ताईला नीट मुद्देसूद ऐकवलं. शाकुंतल, अंगठी, मासा. ती बाहेर बघत होती.

"तुला शेवट कसा वाटला?" मी विचारलं.

"छान होता," ती म्हणाली. "पण मग दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं?"

"म्हणजे?"

"म्हणजे, रात्री नावानं हाक मारली. ठीक आहे. एखादा दिवस मारतातही. पण सकाळी उठून पुन्हा 'बाई, तुम्ही कोण?' म्हणाली असेल ना ती?"

"मग मुलगी काय करील?"

"काय करणार? चहा टाकील."

माझ्या सगळ्या मुद्द्यांचं भांडवल ताईनं चहाच्या एका आधणात बुडवलं.

घरी आलो तर काकू दारातच बोटं ओठांवर ठेवून उभ्या. आत आई पलंगावर बसून गात होती. 'सौभद्र'मधलं पद. लहानपणी पंढरपूरला घरामागच्या ओट्यावर शिकलेलं. आवाज फाटका होता, पण मुखडा, दोन्ही अंतरे, एकही शब्द इकडचा तिकडं नाही. समेवर मांडीवर थापसुद्धा बरोबर पडत होती. ताई दारात उभी राहून ऐकत होती. नाटकातल्यासारखं सगळं जमून आलं होतं. उणीव फक्त पिवळ्या प्रकाशाची. पद संपलं. आईनं ताईकडं पाहिलं, प्रसन्न हसली आणि म्हणाली, "बाई, तुम्हांलाही गाण्याची आवड दिसते."

"आहे थोडी," ताई म्हणाली, आणि पातेलं घेऊन चहा टाकायला गेली.

मग आईचं लक्ष माझ्याकडं गेलं. "अण्णा! कधी आलात? गाडी वेळेवर होती ना?"

तिची गाडी म्हणजे बार्शी लाईटची छोटी गाडी, पंढरपूरहून मिरजेला येणारी. ती केव्हाच इतिहासजमा झाली. रूळसुद्धा बदलून रुंद झाले. एरवी मी 'हो' म्हणून वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो. पण त्या दिवशी मी मघाचा वन्समोअर ऐकून आलो होतो.

"होती वेळेवर," मी म्हणालो.

चार मिनिटं गेली. "अण्णा, गाडी वेळेवर होती ना?"

"होती. सांगोल्याला जरा खोळंबली."

"अण्णा, गाडी वेळेवर होती ना?"

"होती गं. सांगोल्याला खोळंबली, पण मग ढालगावपासून जी सुटली!"

आईचे डोळे चमकले. चौथ्या खेपेला मी कवठे महांकाळला चहा घेतला. पाचव्या खेपेला इंजिनातली ठिणगी माझ्या धोतरावर पडली आणि आई खळखळून हसली. मला धोतर नेसता येत नाही, ही गोष्ट वेगळी. सहाव्या खेपेला मी जरा अडखळलो. कुठल्या स्टेशनावर काय करायचं शिल्लक आहे ते आठवेना. तेवढ्यात आतून, चहाचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला आणि ताईनं पुरवणी केली, "आरगला पेरू घेतलेत की!"

प्रॉम्प्टर असावा तर असा.

रविवारी रात्रीचं परतीचं तिकीट मी रद्द केलं. आठ दिवसांनी निघेन म्हणतो. पूर्ण प्रयोग पाहिल्याशिवाय समीक्षकानं मत देऊ नये, असं माझं फार पूर्वीपासूनचं मत आहे. ताईनं ऐकून घेतलं, पण फारसा विश्वास ठेवलेला दिसला नाही. सोमवारी सकाळी मात्र तिनं मला विळी आणि भाजी आणून दिली आणि ती स्वतः दार लावून निजली. दुपारी दोनपर्यंत.

बदामांचं म्हणाल तर ते मी रोज रात्री भिजवतो. सकाळी मीच खातो. आठवणीसाठी.